तीन पासांचे गणित

एरवी कविता, कादंबरी आणि समीक्षा यांत रमणाऱ्या आम्हां काही मंडळींना गेली कित्येक वर्षे एक व्यसन आहे. ते म्हणजे संगणकावर फुटबॉलचा संघ चालवणे. या प्रकारच्या खेळात आपण चेंडू मारायचा नसतो. आपण मॅनेजर असतो. खेळाडू विकत घ्यायचे, त्यांचा सराव ठरवायचा, सामन्याआधी व्यूह मांडायचा आणि मग हाताची घडी घालून पाहत बसायचे. लेखकाने पात्रे कथानकात सोडून द्यावीत आणि ती आपल्या म्हणण्याप्रमाणे वागतात की नाही हे हताशपणे पाहत राहावे, तसाच काहीसा हा प्रकार. साहित्याच्या अभ्यासकांना त्याचा मोह का पडावा, हे यावरून थोडेफार उमगेल.

या खेळात संघ रचताना पडद्यावर एक साधा प्रश्न येतो : तुमचा संघ पास कसे देणार? जुन्या आवृत्त्यांत त्याला मोजकीच उत्तरे असत : आखूड, मिश्र, थेट, लांब. आम्ही एकदा ठरवले की संपूर्ण संघ 'थेट' शैलीचाच उभारायचा. निर्णय सोपा होता, पण पुढे पाऊल टाकताना आमच्या लक्षात आले की 'थेट' या शब्दाचा अर्थ आम्हांला नीट ठाऊकच नाही. लांब मारणे म्हणजे थेट का? घाईने मारणे म्हणजे थेट का? समीक्षेत 'वास्तववाद' म्हटले की जसा प्रत्येकाच्या मनात वेगळा वास्तववाद असतो, तसेच हे. मग आम्ही जे नेहमी करतो तेच केले. शब्दाचा इतिहास शोधू लागलो. त्या शोधात हाती लागलेली गोष्ट खेळापुरती राहिली नाही. ती मोजणे आणि वाचणे या दोन क्रियांमधल्या अंतराची गोष्ट निघाली. म्हणून ती येथे सांगावीशी वाटते.

प्रथम या संगणकीय खेळाच्या कुळाविषयी थोडे. केव्हिन टॉम्स या इंग्रज गृहस्थांनी १९८२ साली 'फुटबॉल मॅनेजर' नावाचा खेळ विक्रीस आणला. पुढे पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या बंधूंनी घरीच रचलेला 'चॅम्पियनशिप मॅनेजर' १९९२ साली प्रसिद्ध झाला. प्रकाशकाशी फारकत झाल्यावर त्यांच्या कंपनीने २००४ च्या अखेरीपासून आपला खेळ 'फुटबॉल मॅनेजर' या नावाने काढायला सुरुवात केली. म्हणजे टॉम्स यांच्या खेळाचे नाव दुसऱ्या घराण्याने पुढे चालवले. यातला साहित्याच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावा असा तपशील हा की, २००३ सालापर्यंत या मालिकेतला सामना डोळ्यांना दिसतच नसे. पडद्यावर एकामागून एक ओळी उमटत : अमुकने चेंडू पुढे मारला, तमुकने डोक्याने घेतला, गोलरक्षकाने अडवला. बाकीचे मैदान वाचणाऱ्याने आपल्या मनात उभे करायचे. सामना हा तेव्हा अक्षरशः वाचायचा मजकूर होता.

पुढे मैदानाचे चित्र आले, ठिपक्यांचे खेळाडू आले, मग हातपाय असलेली माणसे आली. पर्यायही वाढत गेले. 'फुटबॉल मॅनेजर २०१९' या आवृत्तीपासून तर खेळाने तयार शैलींची यादीच पुढ्यात ठेवली. त्यात एक शैली होती 'रूट वन', म्हणजे आपल्या गोलपासून समोरच्या गोलपर्यंतचा सर्वांत जवळचा रस्ता. हा शब्दप्रयोग मैदानावरचा नव्हे, तर दूरचित्रवाणीवरचा आहे. बीबीसीवर १९६६ ते १९७२ या काळात 'क्विझबॉल' नावाची प्रश्नमंजूषा होत असे. तीत गोल करण्याचे चार मार्ग होते. सोप्या प्रश्नांची मालिका सोडवत जाता येई, किंवा पहिला मार्ग निवडून एकाच अवघड प्रश्नावर गोल करता येई. तोच हा 'रूट वन'. गंमत अशी की प्रश्नमंजूषेत हा मार्ग सर्वांत अवघड होता. फुटबॉलच्या बोलीत येता येता तो सर्वांत अडाणी मार्गाचे नाव होऊन बसला. थेट शैलीकडे पाहण्याची सुशिक्षितांची तुच्छता या एका अर्थांतरात साठवलेली आहे.

परंतु या शैलीचा जन्म अडाणीपणातून झाला नाही. तो झाला एका हिशेबनिसाच्या वहीतून.

चार्ल्स रीप हे ब्रिटिश वायुदलात लेखा विभागाचे अधिकारी होते. १९३३ साली आर्सेनलचा खेळाडू चार्ल्स जोन्स याने त्यांच्या तळावर येऊन हर्बर्ट चॅपमन यांच्या संघाच्या खेळाविषयी व्याख्यान दिले होते. ते रीप यांच्या मनात रुजून राहिले. १८ मार्च १९५० रोजी ते स्विंडन टाउन विरुद्ध ब्रिस्टल रोव्हर्स हा सामना पाहत होते. पहिल्या अर्धात स्विंडनने आक्रमणामागून आक्रमण केले आणि त्यांतून काहीच निघाले नाही. रीप वैतागले. दुपारी तीन वाजून पन्नास मिनिटांनी त्यांनी खिशातून वही-पेन्सिल काढली आणि दुसऱ्या अर्धातले प्रत्येक आक्रमण, प्रत्येक पास आपण तयार केलेल्या खुणांनी लिहायला सुरुवात केली. फुटबॉलच्या सामन्याचे सलग टिपण करण्याच्या परंपरेचा आरंभ बहुतेक इतिहासकार याच घटकेपासून धरतात.

त्यानंतर ते कित्येक दशके लिहीतच राहिले. १९५८ सालच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे टिपण तर त्यांनी भिंतीला लावायच्या कागदाच्या लांबच लांब गुंडाळीवर उतरवले होते. हे वाचताना आम्हांला हस्तलिखितांच्या पाठभेदांत आयुष्य घालवणारे संशोधक आठवले. तीच चिकाटी, आणि आपल्या विषयाखेरीज जगात दुसरे काही नाही हा तोच भाव. रीप यांच्यावर पुढे जी टीका आम्ही नोंदवणार आहोत, तिच्याआधी त्यांच्या या निष्ठेला नमस्कार करणे योग्य ठरेल.

त्यांची टिपणे लवकरच संघांच्या उपयोगी पडू लागली. स्टॅन कलिस हे वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्सचे मॅनेजर. त्यांच्या मनातही चेंडू लवकरात लवकर समोरच्या गोलजवळ न्यावा हेच होते, आणि रीप यांनी त्या धारणेला आकड्यांचा आधार दिला. हा संघ १९५४, १९५८ आणि १९५९ साली इंग्लंडचा विजेता झाला. १९५३ च्या नोव्हेंबरात हंगेरीने इंग्लंडला वेम्ब्लीवर ६-३ असे हरवले होते. त्या हंगेरीच्या संघातले नामांकित खेळाडू होन्वेदकडून खेळत. १३ डिसेंबर १९५४ रोजी याच होन्वेदला, दोन गोलांनी मागे पडूनही, वुल्व्ह्जने ३-२ असे हरवले. इंग्रज वृत्तपत्रांना केवढे समाधान झाले असेल याची कल्पना करता येते. राष्ट्राच्या दुखावलेल्या अभिमानाला एक शैली औषधासारखी सापडली होती. मग त्या शैलीमागचे गणित तपासण्याची घाई कोणाला असणार?

गणित छापून आले ते १९६८ साली. रीप आणि संख्याशास्त्रज्ञ बर्नार्ड बेंजामिन यांचा 'असोसिएशन फुटबॉलमधील कौशल्य आणि योगायोग' अशा अर्थाच्या शीर्षकाचा निबंध रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात १९५३ ते १९६७ या काळातल्या ५७८ सामन्यांची टिपणे वापरली होती. त्यांतून निघालेले दोन निष्कर्ष पुढे मंत्रासारखे म्हटले जाऊ लागले. पहिला : साधारण दहा फटक्यांमागे एक गोल होतो. दुसरा : सुमारे ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चालीतून होतात. मग तिसरा निष्कर्ष आपोआपच निघाल्यासारखा वाटला : चौथा पास कशाला द्यायचा?

येथे आपण थोडे थांबले पाहिजे, कारण सगळी मेख येथेच आहे. रीप यांच्याच टिपणांनुसार, सामन्यातल्या एकूण चालींपैकी ९१.५ टक्के चाली तीन किंवा त्याहून कमी पासांच्या असतात. म्हणजे फुटबॉलमध्ये मुळात लांबलेली चाल ही दुर्मीळ गोष्ट आहे. चेंडू निसटतो, हिसकावला जातो, बाहेर जातो. आता हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा.

आपल्या सवयीचे उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या मासिकाकडे हजार कविता आल्या. त्यांतल्या ९१५ छोट्या होत्या आणि ८५ दीर्घ. संपादकांनी शंभर निवडल्या : ८० छोट्या, २० दीर्घ. अंक हाती घेणारा नवकवी म्हणेल, 'छापल्या जातात त्या बहुतेक छोट्याच कविता. तेव्हा आपणही छोटीच लिहावी.' पण आलेल्या ढिगाकडे पाहिले तर काय दिसते? छोट्या कवितांपैकी दर अकरा-बारांमागे एक निवडली गेली, आणि दीर्घ कवितांपैकी दर चार-पाचांमागे एक. दीर्घ कवितेच्या निवडीची शक्यता अडीचपटीहून अधिक होती. नवकवीने अंक वाचला, पण साभार परत गेलेला गठ्ठा वाचला नाही. रीप यांनी तो गठ्ठाही प्रामाणिकपणे मोजून ठेवला होता आणि तरीही वाचला नाही, हे अधिक दुःखद.

माइक ह्यूज आणि इयन फ्रँक्स यांनी २००५ साली १९९० आणि १९९४ च्या विश्वचषकांतल्या चालींचा असाच, एकूण चालींच्या प्रमाणात, हिशेब मांडला. तेव्हा लांबलेल्या चालींतून प्रमाणाने अधिक गोल होतात असे दिसले. अर्थात येथेही सावध राहायला हवे. लांब चाली रचणे बलाढ्य संघांनाच अधिक जमते. त्यांचे गोल चालीच्या लांबीमुळे झाले की मुळातल्या कौशल्यामुळे, हे एवढ्यावरून ठरत नाही. एका चुकीच्या वाचनाला उत्तर म्हणून आपण दुसरे घाईचे वाचन करू नये.

पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेत चार्ल्स ह्यूज हे प्रशिक्षणाचे प्रमुख झाले. त्यांचे 'द विनिंग फॉर्म्युला' हे पुस्तक १९९० साली निघाले. कमी पासांच्या चाली, आणि गोलसमोरच्या विशिष्ट टापूत चेंडू टाकत राहणे, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा होता. येथे प्रश्न एका संघाच्या हारजितीचा राहत नाही. प्रशिक्षकांना जे शिकवले जाते ते मुलांपर्यंत पोहोचते. चेंडू पायाशी घेऊन मान वर करून पाहणाऱ्या मुलाला 'मार पुढे' असे ओरडून सांगितले जाते. अभ्यासक्रमात शिरलेली चूक ही पुस्तकात राहिलेल्या चुकीपेक्षा फार निराळी असते, हे शिक्षकांना सांगायला नको.

तर मग थेट शैली ही निव्वळ चूकच होती काय? तसे म्हणून मोकळे होता येत नाही, कारण मध्ये वॉटफर्ड उभे आहे. आणि आमच्या संगणकावरच्या संघाचा आराखडाही आम्ही तेथूनच उचलला.

ग्रॅहॅम टेलर १९७७ साली वॉटफर्डचे मॅनेजर झाले तेव्हा क्लब चौथ्या विभागात होता आणि त्याचे अध्यक्ष होते गायक एल्टन जॉन. पाच वर्षांत, १९८२ साली, संघ पहिल्या विभागात पोहोचला आणि तेथल्या पहिल्याच हंगामात लिव्हरपूलच्या पाठोपाठ दुसरा आला. १९८४ साली एफए चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. पैसेवाल्या संघांसारखे खेळाडू नसताना हे घडले. समीक्षकांनी नाके मुरडली. पण त्या संघाची रचना बारकाईने पाहिली तर 'चेंडू लांब मारणे' हा तिचा केवळ एक अवयव होता असे दिसते.

आम्ही ती रचना खेळात मांडू लागलो. कागदावर ती ४-४-२. आघाडीवर दोघे. एक उंच, भक्कम, पाठ गोलकडे करून चेंडू घेणारा, वॉटफर्डमध्ये रॉस जेन्किन्स होता तसा. या खेळात प्रत्येक गुणाला एक ते वीस असे अंक असतात. अशा खेळाडूची उडी, हेडर आणि ताकद हे अंक पाहायचे. त्याच्या शेजारी वेगवान जोडीदार, लुथर ब्लिसेटसारखा. त्याच्या वेगाइतकेच महत्त्व चेंडूविना हालचालीच्या अंकाला, कारण उंच खेळाडूने डोक्याने वळवलेला चेंडू कोठे पडेल हे त्याने आधी ओळखायचे असते. दोन्ही कडांना पुढे सरकून राहणारे विंगर. वॉटफर्डमध्ये एका कडेला जॉन बार्न्स होता, दुसरीकडे नायजेल कॅलहन. मधल्या फळीत न थकता धावणारे दोघे.

पहिल्या हंगामात आमचा संघ सपाटून हरला. कारण आम्ही एवढेच करून थांबलो होतो. बचावफळीतून चेंडू उंच जाई, आमचा उंच गडी तो डोक्याने घेईही, पण पडलेला चेंडू समोरच्याच्या पायाशी. आमचे मधले खेळाडू तेव्हा तीस पावले मागे असत. पुन्हा आमच्याकडे आक्रमण, पुन्हा उंच चेंडू, पुन्हा तेच. आम्ही वॉटफर्डचे वाक्य उतरवून घेतले होते, पण त्यातले क्रियापद गाळले होते.

ते क्रियापद म्हणजे चेंडू परत मिळवणे. टेलर यांचा संघ चेंडू पुढे टाकून थांबत नसे. सगळी बचावफळी वर सरके, दोन फळ्यांतले अंतर कमी होई आणि समोरच्याला चेंडू बाहेर काढायला उसंत मिळत नसे. लांब पास हा त्यांच्यासाठी शेवट नव्हता. चेंडू समोरच्याच्या घराजवळ नेऊन तेथे झुंज लावून देण्याची ती युक्ती होती. आणि येथेच रीप यांच्या वहीतला दुर्लक्षित भाग उपयोगी पडतो. त्यांनी असेही नोंदवले होते की जवळजवळ निम्मे गोल समोरच्या गोलच्या आसपास परत मिळवलेल्या चेंडूंतून होतात. पासांची संख्या हे लक्षण होते, कारण निराळे होते. चेंडू गोलजवळच मिळाला तर तीन पासांहून अधिक द्यायला जागाच कोठे उरते?

मग आम्ही आराखडा दुरुस्त केला. बचावफळी वर घेतली, आणि ती वर घ्यायची तर मागे मोकळ्या राहिलेल्या जागेत धावू शकतील असे बचावपटू निवडले. त्यांच्या हेडरच्या अंकांपेक्षा आता वेगाचे अंक पाहिले. मधल्या दोघांपैकी एकाला पडलेल्या चेंडूजवळ राहण्याचे काम दिले, दुसऱ्याला गोलकडे धावण्याचे. विंगरांना सांगितले की चेंडू हरवताच मागे पळू नका, आधी तेथेच अडवा. पास 'थेट'च ठेवले, पण 'लांब' नव्हे. पाच मीटरचा पासही, समोरच्या फळीला भेदून जात असेल तर, थेटच असतो. शब्दाचा अर्थ कोशात नव्हे, वाक्यात सापडावा तसे झाले. संघ विजेता झाला असे नाही, पण खेळू लागला.

या रचनेत साहित्याच्या विद्यार्थ्यांना एक ओळखीची गोष्ट दिसेल. व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ साली रशियन परीकथांचा अभ्यास करताना पात्रांची नावे बाजूला ठेवली आणि कार्ये मोजली : एकतीस कार्ये, आणि ती पार पाडणाऱ्या सात भूमिका. राजकन्या कोण आणि साहाय्यक कोण हे बदलेल, भूमिका बदलणार नाही. आमच्या पडद्यावरही तसेच असते. प्रत्येक जागेला भूमिकेचे नाव असते, आणि त्या नावाखाली आज हा खेळाडू, उद्या तो. थेट शैलीवर आक्षेप घेणारे हेच म्हणत आले : येथे माणूस नाही, नुसती कार्ये आहेत.

या आक्षेपाची सर्वांत विलक्षण कथा ब्लिसेटचीच आहे. १९८२-८३ च्या हंगामात त्याने लीगमध्ये २७ गोल केले, देशात सर्वाधिक. लगेच मिलान संघाने त्याला इटलीत नेले. तेथे ३० लीग सामन्यांत त्याचे पाच गोल झाले आणि वर्षभरात तो वॉटफर्डला परतला. इटलीत त्याची चेष्टा झाली. पण माणूस तोच होता. त्याच्याभोवतीचे वाक्य बदलले होते. पुढे १९९४ साली इटलीतल्या काही लेखक-कलावंतांनी 'लुथर ब्लिसेट' हे नाव सामाईक टोपणनाव म्हणून घेतले. कोणीही ते वापरावे, कोणाच्याही लेखनाखाली ते यावे. १९९९ साली त्या नावाने 'क्यू' ही सोळाव्या शतकातल्या धार्मिक उठावांवरची जाडजूड कादंबरी निघाली आणि गाजली. एका व्यूहातली भूमिका मोठ्या गुणवत्तेने वठवणाऱ्या माणसाचे नाव शेवटी स्वतःच एक भूमिका झाले. कोणीही चढवावा असा सदरा.

पण आक्षेप पूर्ण खरा नाही, हे सांगायला बार्न्स आहे. १० जून १९८४ रोजी रिओच्या माराकाना मैदानावर ब्राझिलविरुद्ध त्याने डाव्या बाजूने आत शिरत एकामागून एक बचावपटू चकवून केलेला गोल इंग्लंडच्या इतिहासातल्या देखण्या गोलांत गणला जातो. तो करणारा खेळाडू तेव्हा वॉटफर्डचा, म्हणजे त्या 'यांत्रिक' शैलीच्या शाळेचा होता. छंदात लिहिणाऱ्या कवीला स्वतःचा आवाज नसतो असे म्हणण्याची चूक आपल्याकडेही झालेली आहे.

थेट शैलीचे सर्वांत विचारपूर्वक रूप मात्र इंग्लंडमध्ये नव्हे, नॉर्वेत घडले. 'द्रिलो' या नावाने ओळखले जाणारे एगिल ओल्सेन १९९० ते १९९८ या काळात राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होते. ते क्रीडाशास्त्राचे अध्यापक. आकडे त्यांच्याही हाती होते, रीप यांच्या लेखनाशी त्यांचा परिचय होता, पण त्यांनी प्रश्न वेगळा विचारला. पास किती, याऐवजी समोरच्या संघाची घडी मोडलेली असताना चेंडू कोठे टाकायचा, असा. त्यांची मांडणी ४-५-१. सर्वांत उंच खेळाडू, योस्टाइन फ्लो, मध्यभागी न ठेवता त्यांनी उजव्या कडेला ठेवला. तेथे त्याच्यासमोर येणारा बचावपटू बहुधा ठेंगणा असे. डाव्या मागच्या कोपऱ्यातून स्टिग इंगे ब्योर्नेबायने तिरका लांब चेंडू टाकायचा, फ्लोने तो डोक्याने आत वळवायचा आणि बाकीच्यांनी तोवर धावत सुटायचे. या पासाला फ्लोचेच नाव पडले.

२ जून १९९३ रोजी ऑस्लोत नॉर्वेने इंग्लंडला २-० असे हरवले, आणि तेव्हा इंग्लंडचे मॅनेजर होते ग्रॅहॅम टेलर. १९९३ आणि १९९५ साली लहानसा नॉर्वे फिफाच्या क्रमवारीत दुसऱ्या स्थानापर्यंत गेला. १९९८ च्या विश्वचषकात त्याने ब्राझिलला २-१ असे हरवले. याच ओल्सेन यांनी १९९९ साली थेट शैलीसाठीच प्रसिद्ध असलेल्या विम्बल्डनची सूत्रे घेतली तेव्हा मात्र तो संघ २००० साली खालच्या विभागात गेला. शैली तीच, प्रशिक्षकही तेच. बदलला तो संदर्भ. ब्लिसेटच्या बाबतीत जे एका खेळाडूचे झाले, ते येथे एका विचाराचे झाले.

आम्हीही नंतर नॉर्वेची मांडणी खेळात करून पाहिली. उंच गड्याला कडेला ठेवण्याची ती युक्ती संगणकाच्या मैदानावरही अनेकदा चालली, कारण तेथेही कडेचे बचावपटू सहसा उडीत कमी पडतात. पण आता आम्हांला नवी सवय लागली होती. सामना संपला की गोल कसे झाले हे आम्ही आधी पाहत नसू. किती चेंडू पुढे गेले, त्यांपैकी किती आमच्याकडे टिकले, किती समोरच्या टापूत परत मिळाले, हे पाहत असू. अलीकडच्या आवृत्त्यांत प्रत्येक फटक्याची गोल होण्याची शक्यताही आकड्यांत दिसते. म्हणजे न झालेल्या गोलांनाही आता किंमत आहे. साभार परतीचा गठ्ठा अखेर वाचला जाऊ लागला आहे.

चार्ल्स रीप २००२ साली, नव्वदी ओलांडून, वारले. त्या सुमारास जगभरची पोरे संगणकासमोर बसून ओळीओळीने उमटणारे सामने वाचत होती आणि 'थेट' या पर्यायावर बोट ठेवत होती. त्यांतल्या फारच थोड्यांना त्या शब्दामागचा वही-पेन्सिलवाला म्हातारा ठाऊक असेल. आज समोरच्याच्या अंगणात चेंडू हिसकावण्याच्या ज्या शैलीचे कौतुक होते, तिच्यात रीप यांच्या टिपणातला तो दुर्लक्षित निम्मा भाग कोठेतरी जिवंत आहे. त्यांचे मोजणे टिकले, वाचणे टिकले नाही.

साहित्याच्या अभ्यासातही आता मोजणे वाढले आहे. कोणत्या कवीने कोणता शब्द किती वेळा वापरला, कोणत्या दशकात किती कादंबऱ्या निघाल्या, कोणत्या प्रकारच्या पुस्तकांना पुरस्कार मिळाले, यांचे तक्ते विद्यार्थी आमच्यापुढे आणून ठेवतात. आम्ही ते कौतुकाने पाहतो. मग त्यांना एकच प्रश्न विचारतो, जो त्या वायुदलाच्या हिशेबनिसाला वेळेवर कोणी विचारला नाही : हे इतक्यांपैकी इतके, हे समजले, पण एकूण होते किती?